टक्के एकीकडे, गट दुसरीकडे

माझ्या अपंगत्वाच्या दाखल्यावर एक टक्केवारी छापलेली आहे. चाळीसच्या बरीच वर आहे, म्हणून रेल्वेत सवलत मिळते, प्राप्तिकरात वजावट मिळते आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने जे काही देऊ केलंय ते मागायला जाता येतं. शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात हा दाखला मिळाला. रॅम्पवर मोटारसायकली लावलेल्या, त्या हलवून घ्यायला दादा वॉचमनला शोधत फिरला. आत डॉक्टरांनी एमआरआयचा रिपोर्ट चाळला, मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आकडा लिहिला. हात लावून काही तपासलं नाही. बाहेर एवढी गर्दी ताटकळत होती की मीही वाद घातला नाही.

काही वर्षांनी दुसऱ्या एका टेबलावर आडवी झाले. तिथे दोघांनी मिळून माझा एकेक स्नायू सुटा करून पाहिला. कोपर वाकतं किती, सरळ होतं ते कशाच्या जोरावर, बोटांत कागद धरता येतो का, कमरेतून तोल सावरता येतो का. शेवटी हातात टक्के आले नाहीत, ‘डब्ल्यू-वन’ असा गट आला. पॅरा आर्चरीतलं, म्हणजे अपंगांच्या तिरंदाजीतलं, क्लासिफिकेशन म्हणतात ते हे. पुण्यातून या खेळात येऊ पाहणाऱ्या बऱ्याच जणांनी मला त्याबद्दल विचारलंय. दरवेळी फोनवर अर्धवट सांगून होतं, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आधी माझा ताळेबंद. मानेच्या मणक्याला इजा, पूर्ण नाही, अर्धवट. कात्रज-देहूरोड बायपासवर पावसात स्कूटर घसरली, त्यापलीकडे त्या प्रसंगात सांगण्यासारखं काही नाही. छातीखाली हालचाल नाही. पोटाचे आणि पाठीचे स्नायू साथ देत नाहीत, टेकू काढला की मी कलंडते. खांदे उत्तम, बायसेप्स उत्तम, ट्रायसेप्स नावापुरता, बोटं अशक्त, त्यातही उजवी जास्त. घरी बसून लोकांचे जीएसटीचे हिशोब करते. कीबोर्डवर करंगळीच्या पेराने टाइप करते आणि तुमच्या ऑफिसातल्या कुणाहीपेक्षा हळू करत नाही.

धनुष्य हातात आलं ते सैन्यातल्या एका हवालदारांमुळे. खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ पासूनचं. मणक्याला मार बसलेले जवान तिथे राहतात, काम करतात, खेळतात. त्यांतलेच ते. आमची ओळख व्हीलचेअर दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात झाली, दोघांच्याही पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलेलं. माण तालुक्यातला माणूस. माझे खांदे बघून म्हणाले, “ताई, हे खांदं घरात बसवून ठिवायचं न्हाईत.” पुढच्या रविवारी त्यांनी मला त्यांच्या ओळखीच्या सरांकडे पाठवलं. सिंहगड रोडच्या आतल्या अंगाला, कालव्यालगत एका शाळेचं मैदान आहे. तिथे सर मुलांना बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड, म्हणजे देशी धनुष्याची तिरंदाजी, शिकवतात.

अपंगांसाठी खेळ म्हणजे आधी कुणीतरी धडधाकटांचा खेळ घेतला आणि सवलती देऊन सोपा केला, असा माझा समज होता. हवालदारसाहेबांनी तो पहिल्याच दिवशी झटकून टाकला. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात डॉक्टर लुडविग गुटमान मणक्याचे रुग्ण सांभाळत. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन ज्या दिवशी झालं त्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या आवारात सोळा जखमी सैनिकांची स्पर्धा भरवली, त्यात दोन बायका होत्या. खेळ होता तिरंदाजी. पॅरालिम्पिकचं मूळ ते. १९६० ला रोममध्ये पहिलं पॅरालिम्पिक झालं तेव्हाही तिरंदाजी होती, आणि १९८४ मध्ये न्यूझीलंडच्या नेरोली फेअरहॉल व्हीलचेअरवरून थेट ऑलिंपिकला उतरल्या त्याही तिरंदाजीतच. खुर्चीत बसलेला आणि पायावर उभा असलेला माणूस एका रेषेवरून खेळू शकतो, असे खेळ फार नाहीत.

पण रेषेपर्यंत जाण्याआधी बसणं शिकावं लागतं. “आवो ताई, नेम ऱ्हाऊ द्या बाजूला. आदी बूड घट बसवा,” हे हवालदारसाहेबांचं पालुपद होतं, आणि सुरुवातीचे कित्येक महिने आम्ही खरोखर तेवढंच केलं. कंपाउंड धनुष्य, म्हणजे टोकांना चाकं असलेलं, तोल राखणाऱ्या स्टॅबिलायझरच्या दांड्यांसकट चांगलं जड असतं. ते डाव्या हाताने बाजूला उचललं की पोटात ताकद असलेल्या माणसाचं शरीर न सांगता उजवीकडे भार घेतं. माझं घेत नाही. धनुष्य उचललं की मी धनुष्याबरोबर निघाले डावीकडे. त्यात आणखी एक गोची अशी की मणक्याच्या माणसाला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी देतात, आणि तिच्यावर बसून नेम धरणं म्हणजे होडीत उभं राहून सुईत दोरा ओवणं. घट्ट फोमची गादी घ्यावी तर बूड सलामत राहत नाही. शेवटी तोडगा काढला तो असा: नेमबाजीपुरती फोमची, दर एंडनंतर, म्हणजे बाणांच्या दर फेरीनंतर, पुढे वाकून भार हलका करायचा, आणि घरी गेलं की आईने आरसा धरून कातडी तपासायची. हे गैरसोयीचं आहे, पण याला पर्याय नाही. बेडसोर झाला की सहा महिने धनुष्य भिंतीवर, असं झालेली माणसं मी पाहिली आहेत.

मग पट्टा. छातीभोवती पट्टा बांधून पाठ खुर्चीला धरून ठेवता येते, पण त्याला नियम आहेत. खुर्चीची पाठ कितीही उंच चालत नाही, बाण सोडताना ती काखेच्या निदान ११० मिलिमीटर खाली असावी लागते, आणि धनुष्याच्या हाताला खुर्चीच्या कोणत्याही भागाचा टेकू मिळता कामा नये. पट्टा मिळाला असता ऑनलाइन, परदेशी, भलत्या किमतीला. मी गेले रविवार पेठेत बॅगा शिवणाऱ्या एका काकांकडे. शाळेच्या दप्तराला लागते ती नायलॉनची पट्टी त्यांनी दुहेरी घेतली, आतून जुन्या जॅकेटचं अस्तर लावलं. बक्कल मात्र मला उघडेना, कारण त्याला दोन बोटांची चिमूट लागते आणि माझी चिमूट बसत नाही. काकांनी चष्मा कपाळावर सारला, माझा हात उलटसुलट करून बघितला, मनगटात जोर आहे हे त्यांच्या लक्षात आलं. बक्कलच्या जिभेला त्यांनी चामड्याचं एक मोठं कडं ओवून दिलं. आता मी त्या कड्यात मनगट घालते आणि खेचते, पट्टा सुटतो. माझ्या हाताची ही तपासणी दाखल्याच्या तपासणीपेक्षा कितीतरी बरी झाली, हे तेव्हाच मनात आलं होतं.

हाताची गंमत अशी की तिरंदाजीत धनुष्य पकडायचंच नसतं. मुठीत आवळलं की बाण सुटताना धनुष्य पिळवटतं आणि बाण बाजूला जातो. तळव्याच्या गादीवर ते नुसतं टेकलेलं हवं, पडू नये म्हणून बोटांना दोरीची स्लिंग असते. सर मैदानावरच्या पोरांवर ओरडत असायचे, “हात सैल, सैल, किती आवळतोस!” माझ्याकडे आल्यावर गप्प व्हायचे. माझा हात मुळात सैल. अडचण कोपराची होती. धनुष्याचा हात सरळ ठेवायचं काम ट्रायसेप्सचं, आणि माझा ते करत नाही. मग खांद्यातून हात बाहेरच्या अंगाला फिरवून कोपराचा सांधा कुलूपबंद करायचा, तो हाडावर उभा राहतो, स्नायूवर नाही. फिजिओकडे वर्षानुवर्षं खुर्चीतून पलंगावर जायला शिकताना हीच युक्ती शिकले होते. ती इथे कामी आली, आणि पुढे क्लासिफिकेशनच्या टेबलावर तिनेच गोंधळ घातला. ते सांगते.

उजव्या हाताला मनगटी पट्ट्याचं रिलीज, दोरी सोडायचं उपकरण, आहे, म्हणजे दोरी बोटांनी न ओढता मनगटाने ओढली जाते. ट्रिगर दाबायला तर्जनी पुरत नाही, म्हणून सरांनी त्याची पिन लांब करून आणली. तिच्यावर अंगठ्याची पाठ टेकवायची आणि खांद्याची पाती मागे घेत राहायचं, सुटायचा तेव्हा बाण सुटतो. कंपाउंडचं सुख हे की कॅम, म्हणजे टोकांची ती चाकं, फिरली की ओढ एकदम हलकी होते. चाळीस पाउंडाचं धनुष्य पूर्ण खेचल्यावर हातात दहाच्या आसपास वजन राहतं. रिकर्व्हमध्ये, म्हणजे चाकं नसलेल्या धनुष्यात, ही सोय नाही, जितकं खेचाल तितकं वजन वाढतच जातं.

उन्हाचं एक सांगायला हवं. मानेजवळ इजा झालेल्यांना इजेच्या खाली घाम येत नाही. एप्रिलमध्ये नऊ वाजले की माझं अंग तापायला लागतं आणि उतरत नाही. त्यामुळे सराव उजाडताना, सोबत पाण्याचा फवारा, गळ्यात ओला पंचा. जूनमध्ये खडकवासल्याकडून वारा सुटतो तेव्हा उकाडा जातो, पण वीस सेकंद नेम धरून बसावं आणि एक झोत यावा, बाण दहाऐवजी सातवर. पावसाळ्यात मैदानात चिखल, चाकं रुततात, तेव्हा शाळेच्या लांब व्हरांड्यात पाच मीटरवर नुसत्या फोमच्या ठोकळ्यावर मारायचं, समोर टार्गेटचा कागदही नाही. कंटाळवाणं काम आहे. पण माझं रिलीज सुधारलं ते त्या व्हरांड्यातच.

बाण काढायला माझी भाची जाते, नववीत आहे. व्हीलचेअरवाल्या खेळाडूला बाण काढायला आणि गुण बघायला दुसरं माणूस चालतं. ती लांबून ओरडते, “मावशी, रेषेला लागलाय, नऊ धर!” बाणाची कांडी रेषेला शिवली की वरचा आकडा मिळतो, हा नियम तिला माझ्याआधी पाठ झाला.

आता क्लासिफिकेशन.

राज्याच्या निवडीत नाव आलं आणि सरांनी कागद गोळा करायला लावले. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र), एमआरआय, डिस्चार्ज समरी, डॉक्टरांनी भरून सही केलेला वैद्यकीय फॉर्म, चालू औषधांची यादी. औषधांची यादी वरवरची बाब नाही. बीटा ब्लॉकर या गोळ्या ठोके मंद करतात, हाताची थरथर कमी करतात, म्हणून तिरंदाजीत त्यांना बंदी आहे, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. आमच्या घरी बाबा रक्तदाबासाठी नेमक्या त्याच गटातली गोळी घेतात. त्या दिवसापासून त्यांचा डबा देवघराच्या फडताळात आणि माझा फ्रीजवर. बाबांना वाटलं मी उगाच बाऊ करतेय. मग भाचीने त्यांना बंदीची यादी मोबाइलवर दाखवली, तेव्हा “अरे वा, म्हणजे मी चांगला तिरंदाज होईन की,” म्हणाले.

राष्ट्रीय स्पर्धा उत्तरेत होती, ऐन थंडीत. स्पर्धेच्या आधी, ज्यांचं क्लासिफिकेशन झालेलं नाही त्यांना बोलावतात. बाहेर व्हरांड्यात रांग: गुडघ्याखाली पाय नसलेला एक मुलगा, पोलिओच्या दोन बायका, सेरेब्रल पाल्सीचा एक कॉलेजकुमार, मी. आणि फुकटचे सल्ले. “थोडा कमी जोर लगाना, दीदी,” एका परक्या संघाच्या माणसाने मला प्रेमाने सांगितलं. मला त्याचा राग आला, अजूनही येतो. एक तर मुद्दाम कमी दाखवणं हा नियमाने गुन्हा आहे, पकडलं गेलं तर बंदी येते. आणि दुसरं, मी आयुष्यातली इतकी वर्षं अमुक जमतं, तमुक जमतं, हे सिद्ध करण्यात घालवली. आता नाटक करून त्याच्या उलटं दाखवू?

आत दोन जण होते, एक फिजिओथेरपिस्ट बाई आणि एक तिरंदाजी जाणणारे गृहस्थ. आधी संमतिपत्रावर सही. मग टेबल. प्रत्येक स्नायूला शून्य ते पाच गुण. शून्य म्हणजे हालचालच नाही, तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलता येतं, पाच म्हणजे त्यांनी कितीही दाबलं तरी धरून ठेवता येतं. खांदे, बायसेप्स भराभर झाले. ट्रायसेप्सशी आल्यावर त्यांनी हात सरळ करायला सांगितला आणि मी केला, सवयीने, खांदा फिरवून. बाईंनी मान हलवली. “मॅडम, कंधा नहीं, सिर्फ कोहनी.” पुन्हा केला. पुन्हा खांदा आला. मला खरंच वेगळं करता येत नव्हतं. इतक्या वर्षांत माझं शरीर विसरून गेलं होतं की कोपर खांद्याशिवाय सरळ करायचं असतं. मग त्यांनी माझा दंड डोक्याच्या बाजूला उभा धरला, खांदा दुसऱ्या हाताने गच्च दाबून ठेवला आणि म्हणाल्या, आता छताकडे हात सरळ करा. हात जेमतेम हलला आणि कपाळावर येऊन पडला. बाईंनी तो झेलला, कागदावर आकडा टाकला आणि दुसऱ्या हाताकडे वळल्या.

वाईट वाटायला हवं होतं बहुतेक. पण मला उलट हायसं वाटलं. माझ्या हाताचं काय झालंय हे इतक्या नेमकेपणाने कुणी पाहिलंच नव्हतं. नातेवाईक “बरंच जमतं की गं तुला” म्हणतात, दाखला टक्के सांगतो. दोन्हींतून ही युक्ती निसटते.

मग बोटं. बोटांच्या मध्ये कागद धरून तो ओढला, मूठ उघडमीट केली. मग टेबलाच्या कडेवर पाय सोडून बसवलं, हात छातीवर घडी, आणि हलकेच पुढून, मागून, बाजूने ढकललं. एक माणूस मागे झेलायला उभा होताच, त्याला काम मिळालं. थंडीमुळे पायांना स्पॅझम येत होते, पाय आपोआप झटके देत होते. बाईंनी ते थांबेपर्यंत वाट पाहिली, घाई केली नाही.

शेवटी धनुष्य. माझ्या खुर्चीत, माझ्या पट्ट्यासह, जवळच्या अंतरावरून काही बाण मारायला लावले. ते दोघे टार्गेटकडे बघतच नव्हते. एक कोपराकडे बघत होता, एक माझ्या पाठीकडे. पट्टा काढून एकदा, बांधून एकदा. खुर्चीची पाठ काखेपासून मोजली. रविवार पेठेतलं चामड्याचं कडं त्या गृहस्थांनी बराच वेळ निरखलं.

गट समजून घेताना टक्के डोक्यातून काढून टाकावे लागतात. पॅरालिम्पिकमध्ये तिरंदाजीचे दोन गट खेळतात, ओपन आणि डब्ल्यू-वन. ओपनमध्ये साधारणपणे पाय, कंबर किंवा हात यांपैकी कशाची तरी अडचण असलेले येतात, कुणी खुर्चीत, कुणी स्टुलावर, कुणी उभं. डब्ल्यू-वन म्हणजे पाय, धड आणि हात या सगळ्यांतच घट असलेले. दृष्टिहीनांसाठी वेगळा गट आहे, ते तीस मीटरवर हाताच्या पाठीला लागणाऱ्या स्पर्शाच्या साइटवर, म्हणजे नेमाच्या खुणेवर, नेम धरतात, पण तो पॅरालिम्पिकमध्ये नाही. आणि आमच्याच मैदानावर एक कर्णबधिर मुलगा आहे, सुंदर मारतो, दाखल्यावर भरपूर टक्के आहेत, पण पॅरालिम्पिकच्या पात्र अपंगत्वांत श्रवणदोष बसतच नाही. त्याची वाट डेफलिम्पिक्सची. त्याच्या आईला हे समजावून सांगताना मला फार जड गेलं, कारण “टक्के तर आहेत ना हो?” या प्रश्नाला तिला पटेल असं उत्तर नव्हतं.

पॅरिसचं उदाहरण देते, म्हणजे पटेल. २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये कंपाउंड मिश्र सांघिकचं ब्राँझ आपल्याला मिळालं, इटलीला १५६-१५५ असं एका गुणाने हरवून. किश्तवाडची शीतल देवी, जन्मतः दोन्ही हात नाहीत, पायाने धनुष्य धरते. कटऱ्याचे राकेश कुमार, मणक्याला इजा, खुर्चीत. एकाला हात नाहीत, एकाचे पाय चालत नाहीत, आणि दोघांचा गट एकच, ओपन. त्याच पॅरिसमध्ये हरविंदर सिंग यांनी रिकर्व्हमध्ये सुवर्ण मिळवलं, तेही ओपनमध्येच. टोकियोचं ब्राँझ त्यांच्याकडे आधीच होतं, पण सुवर्ण म्हणजे तिरंदाजीत भारताला ऑलिंपिक-पॅरालिम्पिक मिळून पहिलं. इथे एकच बघतात: बाण सोडण्याच्या कामात तुमच्या शरीराचा कोणता भाग उणा पडतो आणि किती.

माझा निकाल संध्याकाळी लागला. डब्ल्यू-वन, स्थिती रिव्ह्यू, म्हणजे पुढे पुन्हा तपासणी होणार. कार्डावर व्हीलचेअर, छातीचा पट्टा आणि बाण लावून द्यायला मदतनीस, एवढ्या गोष्टी मंजूर म्हणून नोंदवल्या. जे कार्डावर नाही ते रेषेवर वापरता येत नाही, म्हणून ते कार्ड तिथल्या तिथे वाचून घ्या.

आणि गटाबरोबर नियम आले. डब्ल्यू-वनमध्ये रिकर्व्ह किंवा कंपाउंड काहीही चालतं, पण कंपाउंडला ४५ पाउंडांची मर्यादा, ओपनमध्ये ती ६० आहे. माझं चाळिशीतलं, त्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न पीपचा होता. कंपाउंडवाले दोरीत बसवलेल्या बारीक छिद्रातून, पुढच्या साइटच्या भिंगातून नेम धरतात. डब्ल्यू-वनला छिद्र नाही, भिंग नाही, पातळी दाखवणारा बुडबुडाही नाही. सरांनी सुरुवातीपासून बजावलं होतं की गट दोन्हींपैकी कोणताही निघू शकतो, पण तयारी छिद्रातून बघण्याचीच झाली होती, कारण रोज सोबत मारणारे सगळे ओपनवाले. दुसऱ्या संघाकडून बो-प्रेस, म्हणजे धनुष्य दाबून दोरी सैल करायचं यंत्र, मागून आणला आणि रात्री होस्टेलच्या खोलीत सरांनी दोरीतून पीप काढलं. भिंग काढून माझ्या हातात ठेवलं. बरेच पैसे गेले होते त्या भिंगात.

छिद्र नसलं की डोळ्याला मागचा आधार राहत नाही. डोकं कणभर इकडेतिकडे झालं तरी पन्नास मीटरवर बाण भलतीकडे. रिकर्व्हवाले करतात तेच करायचं: दोरी नाकाच्या शेंड्याला आणि हनुवटीला रोज त्याच जागी टेकवायची, आणि डोळ्यासमोर दोरीची जी धूसर रेघ दिसते ती धनुष्याच्या त्याच कडेवर आणून ठेवायची. टार्गेट ८० सेंटीमीटरचंच, पण पूर्ण दहा वर्तुळांचं. ओपन कंपाउंडला मधला भागच असतो. मधला दहाचा गोल ८ सेंटीमीटरचा. पात्रता फेरीत ७२ बाण, ७२० पैकी गुण. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर, दहा सेकंदांनी एक शिट्टी झाली की सुरू, तीन झाल्या की बाण काढायला. त्या स्पर्धेत माझे बाण दहाही वर्तुळांना भेट देऊन आले. त्याबद्दल एवढं पुरे.

पुण्यात परतल्यावर भिंग मैदानावरच्या एका ओपनवाल्याला विकलं आणि सरांनी मला परत व्हरांड्यात पाच मीटरवर बसवलं, नाक, हनुवटी, रेघ. हवालदारसाहेब येऊन बघून गेले. त्यांचा गट ओपन, त्यांच्या हातांना काही झालेलं नाही. म्हणाले, “आता आपली गाठ न्हाई पडायची मॅचला.” मला वाटतं त्यांना जरा हायसंच वाटलं असावं.

लोक विचारतात, डब्ल्यू-वन मिळाल्याने खालचा गट मिळाला का? वर-खाली काही नसतं. माझ्यासारख्या हातांची माणसं माझ्याशी खेळतात, एवढंच. भिवंडीचे आदिल अन्सारी याच गटातले. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांनी नवीन दलाल यांच्याबरोबर डब्ल्यू-वन पुरुष दुहेरीचं ब्राँझ मिळवलं. ओपनमध्ये राहिले असते तर मी त्या लोकांशी खेळले असते जे ट्रायसेप्सने धनुष्य धरतात आणि बोटाने ट्रिगर दाबतात. हरले असते, आणि का हरले ते गुणपत्रिकेत कुठेच दिसलं नसतं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. एमआरआयचा रिपोर्ट जुना असेल तर डॉक्टरांकडून आजच्या अवस्थेचं ताजं पत्र घ्या, त्यात स्नायूंचे गुण लिहून घ्या. शक्यतो सकाळची वेळ मागा. दुपारनंतर माझे हात दमतात, आणि दमलेला हात मोजला जावा अशी माझी इच्छा नाही, तपासणाऱ्यांचीही नसते. ज्या खुर्चीत, ज्या गादीवर आणि ज्या पट्ट्यात खेळणार आहात तेच सगळं घेऊन जा. थंडीच्या गावी जाणार असाल तर पायांना लोकरीचे मोजे, नाहीतर स्पॅझममध्ये अर्धा वेळ जातो. कॅथेटरची वेळ तपासणीच्या आधी उरकून घ्या, मध्येच थांबा म्हणायला अवघड होतं.

आणि एक काम आहे. महिला डब्ल्यू-वनमध्ये खेळणाऱ्या फार कमी आहेत, आणि दुहेरीला दोघी लागतात. मानेला इजा झालेली, हातांत अर्धीमुर्धी ताकद असलेली कुणी बाई पुण्यात किंवा आसपास असेल, भोर, सासवड, चाकण कुठूनही, तर तिला रविवारी सकाळी कालव्याजवळच्या मैदानावर घेऊन या. बोटं चालत नसली तरी अडत नाही, रिलीजची पिन सर लांब करून देतात. धनुष्य सुरुवातीला माझं वापरा. पट्ट्यासाठी काकांचं दुकान मी दाखवीन, पण सोमवारी जाऊ नका, सोमवारी ते बंद असतं.